तेलंगणात नेलेलं लोणचं

अर्जुनीजवळच्या तेलंगटोलीत राजव्वाइतकं अस्सल तेलुगू दुसरं कोणी नव्हतं, हे राजव्वानंच ठरवलं होतं. आजेसासरे वरंगळकडून बैलबंडीनं आले त्याला तीन पिढ्या उलटल्या. पण ती बंडी हिनंच हाकत आणली, अशा थाटात ती सांगायची.

मुलगा लिंगय्या लग्नाला आला, तेव्हा शेजारच्या रुख्मानं आपल्या लेकीसाठी, शामकलेसाठी शब्द टाकला. रुख्माचं घरही टोलीतलंच, तेलुगूच. राजव्वानं नाक मुरडलं. "तुमचं घर इकडच्या झाडीपट्टीचं झालं, बाई. आमी अजून तिकडचेच हावो."

"मंग तिकडंच जाऊन काऊन नाई रायत?" रुख्मा म्हणाली.

पूर्वी तिकडे जायचं तर जंगलातून मुक्काम करत बंडी न्यावी लागे. आता चांद्यापर्यंत छोटी गाडी होती आणि बल्लारशाहून काझीपेठेला मोठी गाडी नुकतीच सुरू झाली होती. रेल्वे आपल्याच सोयरिकीसाठी बांधली असं समजून राजव्वा लेकाला घेऊन निघाली. सोबत पुरावा म्हणून कैरीच्या लोणच्याची बरणी, आवकायची. गाडीत जागा एकच मिळाली. तिथं बरणी बसली, लिंगय्या उभा राहिला.

तिकडच्या मुलीच्या घरी पाय धुवायला पाणी आलं, गूळ आला. राजव्वानं ऐटीत बरणी उघडली. मुलीच्या आजीनं बोटभर चाखलं आणि बोट तसंच अधांतरी धरलं.

"तेल कसलं हे?"

"जवसाचं. घाण्यावरचं."

"लोणचं तिळाच्या तेलात घालतात," आजी म्हणाली. "जवसाचं आम्ही बंडीच्या चाकाला लावतो."

पंगतीत त्यांचं लोणचं वाढलं. वंशपरंपरेचा घास म्हणून राजव्वानं तो डोळे मिटून तोंडात घातला, आणि तो काही घशाखाली उतरेना. शेवटी तिनं पदराआडून आपली बरणी ओढली. पदर लहान होता, बरणी मोठी. सगळ्या पंगतीनं पाहिलं.

"माणसं चांगली आहात," मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, "पण मराठी घरात मुलगी नाही देत आम्ही."

गावी उतरल्यावर राजव्वा घरी न जाता थेट रुख्माच्या ओसरीवर जाऊन बसली. लिंगय्या अंगणातच थांबला.

"जमली का सोयरीक?"

"त्याहिले लोणचं घालता येत नाई," राजव्वा म्हणाली. मग पायाचं बोट चोळू लागली. "शामकला दे मले."

रुख्मा काही बोलायच्या आत घरातून शामकलेचा आवाज आला. "लगन मायले करायचं हाय का लेकाले? त्याले तोंड नाई का?"

"हाय," लिंगय्या अंगणातून म्हणाला, "पर माय समोर असली का चालत नाई."

रुख्मा तोंडाला पदर लावून हसली. राजव्वा उठली. अंगण ओलांडून कुंपणाबाहेर जाऊन उभी राहिली. लिंगय्या ओसरीवर चढला. दारापाशी तो नि शामकला दोघं बोलत होती, पण इतक्या हळू, की एवढ्या लांबून एक शब्द राजव्वाच्या कानावर पडत असेल तर शपथ.