साहेबाचे केनेल

"जोर से नहीं. हल्के हाथ से," फ्रेंच साहेब म्हणाला. सुभद्राच्या हातातला चमचा घेऊन त्यानं वाटलेल्या कोंबडीचा लांबट गोळा स्वतःच उकळत्या पाण्यात सोडला. गोळा बुडाला, मग फुगून वर आला.

"याले काय म्हन्तेत, सायेब?"

"केनेल." साहेब हसला. मोडक्या हिंदुस्थानीत त्यानं सांगितलं, की शब्द मूळचा फ्रान्सचा नाहीच. शेजारच्या जर्मनांच्या 'क्नोडेल'वरून आला. त्याच्याही मुळाशी अर्थ एकच. साहेबानं मूठ आवळून दाखवली. "गाँठ."

सुभद्रानं मान हलवली. गाठ तिला ठाऊक होती.

अमेरिकेतल्या लढाईनं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची गोष्ट. अमरावतीच्या बाजारात कापूस खरेदीला आलेल्या याच साहेबानं तिच्या नवऱ्याचा, पुंजारामचा, गठ्ठा फोडला. रुईत सरकी निघाली. मिसळली होती दलालानं, पण साहेबानं ऐकून घेतलं नाही. भर बाजारात मूठभर सरकी पुंजारामच्या तोंडात कोंबली आणि चावायला लावली. लोक हसले. तेव्हापासून पुंजाराम बाजारात गेला नाही, कोणाशी धड बोललाही नाही.

सुभद्रा मात्र याच साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकाला लागली. भावकीनं पंगतीतून उठवलं, तरी हटली नाही. ती पुंजारामची बायको, हे साहेबाला ठाऊकच नव्हतं.

रविवारी अकोल्याहून गोरे व्यापारी जेवायला आले. सुभद्रानं एकेका केनेलच्या पोटात सरकी भरली, वर लोण्याचं दाट सार ओतलं. पहिल्याच घासाला दात करकरले. एकजण ताटात थुंकला, मग सगळेच. साहेबानं ओरडून तिला बोलावलं.

ती दारात उभी राहिली.

"पुंजारामची सरकी हाये, सायेब. त्यानं भर बाजारात चावली. तुमी घरात चावा."

साहेबाला काही आठवलं की नाही, ते पाहायला ती थांबली नाही.

घरी पुंजाराम तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. तिनं एका दमात सगळं सांगितलं. त्यानं मान वर केली.

"थुकले का ते?"

"थुकले तं! ताटातच."

पुंजारामनं हातातली शेंग खाली ठेवली.

"मले त्यानं थुकू नाही देल्लं," तो म्हणाला. "गिळाले लावली."

सुभद्रा त्याच्याजवळ गेली. ती खाली बसली, मूठभर शेंगा पदरात ओढल्या आणि सोलू लागली.