फरिजच्या नावाचे दगड

"बाई, काळाच घ्या. तांबडा चालत नाही," मी खालून ओरडलो.

नादिराबाईंनी हातातला तांबडा दगड टाकला आणि वाटेच्या कडेचा मुठीएवढा काळा उचलला. "काळाच का रे, मुसल्लम? दरवर्षी विचारते, सांगत नाहीस."

"काळ्यात दुःख चांगलं मुरतं."

"हं! कुणाला बनवतोयस? कैरोत चाळीस वर्षं पोरं शिकवलीत मी."

पण घेतला त्यांनी दगड. सगळेच घेतात. शहरातली माणसं आमच्या सिनाईच्या डोंगरांत शांतता शोधायला येतात. जशी काही ती आम्ही बकरीच्या कातड्यात भरून ठेवलीय आणि हे आले की बूच काढून पाजणार! चार दिवस चालायचं, निखाऱ्यात भाजलेली भाकरी खायची, उघड्यावर झोपायचं. आणि खोटं कशाला बोलू, त्यांना ती मिळतेही. पहिल्या दिवशी फोनकडे बघत ठेचकाळणारी माणसं तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकत चालतात. नवरा गेल्यावर नादिराबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा दोन दिवस एक अक्षर बोलल्या नव्हत्या. वरच्या खिंडीत त्यांनी ढिगावर दगड ठेवला, नवऱ्याचं नाव घेतलं, पोटभर रडल्या आणि उतरताना मला म्हणाल्या, तुझा चहा फारच गोड असतो. तेव्हापासून दर हिवाळ्यात येतात. ही चौथी वेळ.

मला ती शांतता कधी मिळाली नाही. मला नकोच होती. मला तो ढीग हवा होता.

तो रचायला घेतला त्याला चौदा वर्षं झाली. हमदाला, माझ्या बायकोला, नववा महिना होता. दवाखाना दोन तासांवर, वस्तीत गाडी एकच, फरिजची. आणि मला पाहुणे घेऊन चार दिवस डोंगरात जायचं होतं. फरिज म्हणाला, "तू बिनघोर जा. गुरुवारी पहाटे वहिनीला मी नेतो. माझा चेहरा तुला दिला." आमच्यात जबान देत नाहीत, चेहरा देतात. त्यावर साक्षीदार लागत नाही की कागद लागत नाही. मी गेलो. गुरुवारी गाडी आली नाही. मी परत आलो तेव्हा हमदा आणि बाळ, दोघंही मातीत होती.

चेहरा देऊन मोडला तर मोडणाऱ्याचं तोंड काळं करायचा हक्क असतो. जायच्या-यायच्या वाटेवर काळे दगड रचायचे आणि त्याचं नाव चारचौघांत सांगायचं. मी सांगितलं. वडीलधारी माणसं तीनदा मेंढे घेऊन समेटाला आली, तिन्ही वेळा चहा पाजून परत लावली. ढीग आधी गुडघ्याएवढा होता. मग एकदा एका पाहुण्या मुलीनं विचारलं, "हे मनःशांतीसाठी असतं का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, तूही ठेव एक." त्यानंतर मला दगड वाहावे लागले नाहीत. जगभरची दुःखी माणसं येत गेली, डोळे मिटून फरिजच्या तोंडाला काळं फासत गेली आणि हलकी होऊन उतरत गेली. ढीग माझ्या डोक्याच्या वर गेला. त्यांना मनात हसायचो मी. तेवढं सुख मला पुरत होतं.

त्या दिवशी खिंडीत पोचलो तर ढिगाशेजारी फरिज बसलेला.

"ऊठ," मी म्हणालो. "माझ्याबरोबर पाहुणी आहे."

"बसू दे रे जरा. सकाळपासून चढतोय, पाय गळून गेलेत."

त्याची दाढी पार पांढरी झाली होती आणि एका डोळ्यात फूल पडलं होतं. एकाच वस्तीत राहूनही इतक्या वर्षांत मी त्याला जवळून पाहिलं नव्हतं. तो दिसला की मी वाट बदलायचो.

"मिनवाचं लग्न ठरतंय," तो म्हणाला. मिनवा म्हणजे त्याची मुलगी. "मुलगा पलीकडच्या टोळीतला आहे. शुक्रवारी त्याचे चुलते याच वाटेनं येणार. निरोप आलाय, बापाचं तोंड वाटेवर काळं असेल तर खिंडीतूनच माघारी फिरू."

"फिरू देत की."

"मुसल्लम, पोरीचं काय चुकलं? पाच वर्षांची होती तेव्हा."

"माझं तर पाच दिवसांचंही झालं नाही."

त्यानं मान खाली घातली. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. याच घटकेची मी चौदा वर्षं वाट पाहिली होती. तो माझ्या दारात येणार आणि मी नाही म्हणणार.

"कोण हे? काय चाललंय?" नादिराबाई मध्ये आल्या. दगड अजून हातातच होता.

फरिजला वाटलं असावं, बाईंना सगळं माहीत आहे. तो साधेपणानं म्हणाला, "हा ढीग माझ्या नावाचा आहे, बाई. हातातला तो माझ्यासाठीच आणलात ना?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही लपवलं नाही. हमदा, गाडी, दिलेला चेहरा, सगळं सांगितलं. "यानं मारली तिला," मी म्हणालो.

बाई फरिजकडे वळल्या. "त्या गुरुवारी कुठे होतास तू? खरं सांग."

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मी विचारू दिलं नव्हतं. मला कारणं ठाऊक होती. कधी वाटायचं, त्याला बोटीवरच्या परदेशी पाहुण्यांचं भाडं मिळालं असेल. कधी वाटायचं, उंटांच्या शर्यतीत मी त्याला हरवलं होतं, त्याचा डूख धरला. रोज एक नवं कारण शोधायचो आणि त्यावर दिवस काढायचो.

"विसरलो," फरिज म्हणाला.

"काय?"

"विसरलो, बाई. भाऊ आला होता खूप वर्षांनी. गप्पा झाल्या, चहा झाला. पहाटे त्याला सोडायला समुद्राकडे गाडी घेऊन गेलो. अर्ध्या वाटेत आठवलं, तशीच फिरवली. पोचलो तेव्हा बायका दारात रडत होत्या. कबर मीच खणली."

मी त्याची गळपट्टी धरली. "विसरलास? माझी बायको विसरायची गोष्ट होती? खोटं तरी बोल ना, मेल्या! वैर होतं म्हण!"

मला रडू फुटलं. एवढी वर्षं मी एका कसायावर सूड उगवत होतो, आणि इथे हा चहा पिऊन विसरून गेलेला माणूस निघाला. त्यानं मला लुबाडलं असं वाटलं.

"सोड त्याला," बाई म्हणाल्या. "आणि आता माझं ऐक. माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन ठेवलेत मी दगड. त्याच्या नावानं तू मला या माणसाचं तोंड काळं करायला लावलंस?"

"बाई, पण तुम्हाला बरं वाटलं ना?"

"वाटलं! म्हणून तर राग येतोय!" त्यांचा आवाज चिरकला. "माझे तीन दगड मी काढून घेते. बाकीचं तुझं तू बघ."

त्यांनी हातातला चौथा दगड दरीत भिरकावला आणि ढिगाभोवती फिरून पाहिलं. पण आपले तीन ओळखणार कसे? शेवटी डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. "मग सगळेच काढते."

सहासष्ट वर्षांची बाई वाकून एकेक दगड काढायला लागली. फरिजला हात लावता येत नव्हता. ज्याचं तोंड काळं त्यानं आपल्या ढिगाला शिवायचं नसतं. मी हाताची घडी घालून उभा राहिलो.

"काढा, काढा. दमाल अर्ध्या तासात."

"दमेन तेव्हा बसेन. तू उभा राहा तसाच, छान दिसतोयस."

एक दगड घरंगळून त्यांच्या पायावर आला. त्यांनी तो उचलून दरीत टाकला. आता पाहुणी राबतेय आणि यजमान उभा राहून बघतोय, ही आमच्यात केवढी नामुष्की, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुणी वाटसरू आला असता तर माझंच तोंड काळं झालं असतं. किटलीला उकळी फुटायला लागतो तेवढा वेळ कसाबसा दम धरला. मग एक शिवी हासडून पुढे झालो.

"हे तुझ्यासाठी नाही," फरिजला बजावलं.

"नाही रे."

"तुझ्या पोरीसाठीही नाही."

"बरं."

"गप्प बस!"

प्रत्येक दगड शिवी घालून दरीत टाकत होतो. दगड संपायच्या कितीतरी आधी शिव्या संपल्या. पुढे नुसतेच टाकत राहिलो. ऊन कललं तेव्हा खाली तांबडी, मऊ माती लागली. कमरेत कळ होती, बोटं सोलली होती आणि खिंडीतून पलीकडचे डोंगर पुन्हा दिसायला लागले होते. फरिज काही बोलला नाही. बरं झालं, बोलला असता तर मी त्यालाही टाकलं असतं.

उतारावर बाई लंगडत होत्या. मी त्यांची पिशवी घेतली. थोडं खाली आल्यावर त्या म्हणाल्या, "हमदाची कबर वाटेतच असेल ना? मला फातिहा म्हणायचाय. तिच्या नावावर काय काय केलं आपण."

"आहे ना. चला," मी म्हणालो.

वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीपात्राच्या तोंडाशी, दोन बाभळींच्या खाली आमचं कबरस्तान आहे. डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड. आम्ही नावं लिहीत नाही. मी सरळ बाभळीपासून तिसऱ्या कबरीशी गेलो. ती लहान निघाली, कुणा पोराची. मग तिच्या मागच्या रांगेत गेलो. मधल्या काळात दोनदा पूर आला होता, नवी माणसं आली होती, वाळू सरकली होती. पहिल्या वर्षी मी इथे येत असे. नंतर खिंडीत जायला लागलो. तिथे जाऊन आलं की हमदाचं काम केल्यासारखं वाटायचं.

पुन्हा पहिल्या रांगेत आलो. बाई कडेला थांबल्या होत्या. त्यांनी काही विचारू नये म्हणून मी एका कबरीपाशी उगाच वाकलो. ती हमदाची नव्हती. असेलही. मला सांगता येत नव्हतं.

वाटेवरून फरिज काठीनं चाचपत खाली येत होता. आम्हाला ओलांडावं लागू नये म्हणून लांबच थांबला.

"फरिज," मी हाक मारली. "यातली कुठली?"

काय कुठली, असं त्यानं विचारलं नाही. बाहेर चपला काढल्या, आत आला, दुसऱ्या रांगेतल्या एका कबरीपाशी उकिडवा बसला आणि तिच्यावरच्या बाभळीच्या वाळक्या शेंगा बाजूला केल्या.

"बाळ तिच्या कुशीत ठेवलं होतं," तो म्हणाला. त्यानं हातानं जागा दाखवली. "या बाजूला."

मी जाऊन त्या बाजूला बसलो.