बांगड्यावरचा आळ

नाक कशाला मुरडताय? बोलतोय तो मी, इसब. मुक्काम महिपत कंडक्टरच्या कोपराच्या घडीत, रत्नागिरी.

माझा जन्म त्याच्या ऐन तरुणपणी झाला. त्याच्या अंगातले, रोगाला अडवणारे पहारेकरीही तेव्हा तरणे आणि भलतेच तापट. बांगडा पोटात गेला, की चोर शिरल्यासारखे धावत सुटायचे. त्या धांदलीत मी फुलायचो. तिकिटं फाडता फाडता महिपत खाजवायचा आणि हातखंब्याचा थांबा येईपर्यंत कोपर लालभडक. काय मजा यायची म्हणून सांगू!

लग्न झालं आणि बायकोनं, कमळानं, घरात मासळीच बंद केली. मी निपचित पडलो. बाईचं डोकं चालतं, हे मान्य. ती स्वतः माहेरी जाऊन ताव मारत असणार, असं महिपत आपला समजून होता.

पण माणूस पिकतो तसे पहारेकरीही पिकतात. बांगड्यावर धावणारे थकले आणि दुसऱ्याच टोळीचा जोर वाढला. तिला मासळीचं सोयरसुतक नाही. कातडी कोरडी पडली, की ही उठते. सत्त्याऐंशी साली महिपत रिटायर झाला आणि मी पुन्हा उगवलो.

कमळानं ठरवूनच टाकलं, नवरा भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला म्हणून जातो आणि चोरून मासे खातो. महिपत शपथा घेऊन थकला. ती त्याला न्हाणीत बसवून साबण लावून काथ्यानं खसाखसा घासायची. कातडी सोलायची, मी माजायचो, तिचा संशय पक्का व्हायचा. मी पोट धरून हसायचो. महिपतला मात्र जेवण जाईना. जन्मभर पथ्य पाळून म्हातारपणी बायकोच्या लेखी चोर ठरलो, हे त्याला फार लागलं.

शेवटी डॉक्टरांनी साबण-काथ्या सोडवला, खोबरेल लावायला सांगितलं आणि म्हणाले, बांगडा माझ्यासमोर खाऊन दाखवा. कमळा डब्यातून बांगड्याचं तिखलं घेऊन दवाखान्यात हजर! महिपतनं एवढासा तुकडा खाल्ला. मी पहारेकऱ्यांना हाका मारमारून दमलो, एकही उठला नाही. डॉक्टरांनी बराच वेळ बसवून ठेवलं, तरी कोपर जसंच्या तसं.

कमळाची मान खाली गेली. महिपतनं डबा तिच्यापुढे सरकवला. "घे. माहेरच्यासारखं जमलंय का बघ."

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "तुम्ही मासळी सोडलीत त्या दिवसापासून मी तरी कुठं खाल्लीय?"

महिपतनं स्वतःच्या हातानं काटा काढून तुकडा तिच्या तोंडात घातला. डबा दोघांनी पुसून खाल्ला.

उपाशी राहिलो तो मी. हल्ली ती रोज तेल चोळते आणि मी जेमतेम तग धरून आहे. तुमची ओळख असली तर सांगा हो तिला, जरा हात आखडता घे म्हणावं.