चार का आठ

अरे, कृपादानचा दात तिथंच पडला, धावपट्टीवर आखलेल्या चुन्याच्या फक्कीच्या रेघेवर!

एकाहत्तरचा डिसेंबर, लढाई पेटलेली. नगरबाहेरच्या मुरमाच्या धावपट्टीवर मालाची विमानं उतरायची होती, आणि विमानदळाच्या साहेबाला दुपारच्या आत आकडा पाहिजे होता. एका टायमाला किती विमानं खाली करता येतील? कृपादान कोल्हारचा, हमालांचा मुकादम. आधी साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या लावायचा. त्यानं पावलं टाकून जागा मोजली न् म्हणाला, "चार."

"आठ!" ठेकेदार सूर्यभान ओरडला. "ह्याला काय कळतंय?"

"उभं राहायला जागा हाय, वळायला न्हाई. त्यात विमानाचे पंखे फिरतेच राहनार. मधी माझी मानसं. माझा भाऊ यशया."

"मग भावाला पदराखाली घेऊन बस!"

आणि हाणली ना बुक्की! दात उडाला. कृपादाननं त्याची कॉलर धरली, डोकं घातलं थेट नाकावर. कडाक! दोघंही रक्तानं लाल.

"बास!" साहेब गरजला. "करून दाखवा."

मग बाजूला निम्म्या मापानं दुसरी फक्की मारली. विमानाच्या जागी बैलगाडी, पंखांच्या जागी दोन्हीकडं लांबच्या लांब आडवे वेळू बांधले. मधी खरे हमाल, डोक्यावर खरी पोती. आधी चार गाड्या सोडल्या. आल्या, खाली झाल्या, वळल्या, गेल्या. कुणाला धक्का न्हाई.

"आता आठ!" सूर्यभान नाक दाबत स्वतःच शेवटच्या गाडीवर चढला. कृपादान हात हलवत पळाला, "यशया, भायेर निघ!" पण पोत्याखाली कुणाला ऐकू येतंय?

पाचवी गाडी वळली. तिचा वेळू सहावीच्या बैलाच्या डोळ्यात घुसला. बैल हंबरला, उधळला, न् त्याच्या गाडीचा वेळू विळ्यासारखा गरकन फिरला. पाच हमाल एका फटक्यात आडवे! यशयाच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज कृपादानला लांबून आला. त्या धडकेत शेवटची गाडी उलटली, सूर्यभान खाली, चाक मांडीवरून गेलं. काय किंचाळला तो!

कृपादाननं आधी भावाला ओढलं. मग सूर्यभानलाही ओढलं, पण केसांना धरून.

साहेबानं पेन्सिल कागदावर टेकवली. "म्हणजे चारच लिहू?"

कृपादान रक्त थुंकला.

"तीन लिहा. चौथ्या विमानाचे हमाल तुमी आत्ताच तुडवले."