वाघाचा रुपया

अप्पाराव सोनारानं लोहचुंबक रुपयाजवळ नेलं आणि रुपया चटकन त्याला चिकटला.

“चाचा, चांदी नै ये. निकल है.”

नागसेननं रुपया उलटासुलटा करून पाहिला. एकीकडे राजाचं डोकं, दुसरीकडे चालता वाघ, खाली १९४७. अप्पाराव समजावत राहिला, की राजाचा छाप तसाच ठेवला, पण तोवर सरकारनं रुपयातली चांदी पार काढून टाकली होती. आता वाघाची स्मारक नाणी निघतात, त्यांत चांदीही असते, पण ती बाजारात कोण चालवतो?

नागसेनचं तिकडे लक्षच नव्हतं. आई गेली तेव्हा धाकट्या बहिणीनं, भामानं, हा एवढा रुपया मागितला होता. ‘चांदीवर डोळा आहे तुझा,’ असं तो चारचौघांत बोलून बसला आणि नऊ वर्षं बहीण दुरावली. आता तिला नात झाली होती. याच रुपयाचे वाळे करून न्यायचे आणि झालं गेलं मिटवायचं, एवढाच त्याचा बेत. आता हा तिच्या हातावर ठेवावा, तर ती म्हणणार, खरा खाल्लास आणि खोटा आणलास!

मग त्यानं चांदीचे तयार वाळे घेतले. रुपया भामाच्या नजरेस पडायलाच नको, म्हणून तो तिथंच मोडीत टाकायला सांगितला.

दुपारी तारनाक्याच्या घरी भामानं दार उघडलं. जय भीम म्हणाली, पाणी दिलं. बाळाच्या पायांत वाळे घालताना नागसेन म्हणाला, “आईच्या रुपयाचे आहेत.”



“दादा, तो चांदीचा नव्हता.”

मग तिनं सांगितलं. बाबा आजारी पडले त्या साली आई तिला घेऊन तो विकायला गेली होती. सोनारानं तसाच परत दिला. वाटेत आईनं बजावलं, दादाला सांगू नको, घरात चांदीचा वाघ आहे म्हणून पोरगं बिनघोर झोपतं. त्या रात्री रुपया भामाच्या मुठीत देऊन आईनं तिला उपाशीच थोपटून निजवलं होतं.

“मला चांदी कशाला पाहिजे होती? तो वाघ पाहिजे होता. कुठंय तो?”

“मोडीत टाकला,” नागसेन म्हणाला. “मीच.”

भामानं बाळाच्या पायातला वाळा नीट केला.

“भांडण झालं तेव्हाच तुला सांगायला पाहिजे होतं मी,” ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.