छपरावर उरलेली काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. खिडकीची नाही, आरशाची तर मुळीच नाही. खरबुजाचे वेल वाढवण्यासाठी बांधलेल्या एका काचघराच्या छपरात मी एकोणचाळीस वर्षं बसले आहे. माझ्या एका कोपऱ्यात बुडबुडा आहे, कडेचा टवका उडाला आहे, आणि तरीही मला माझा फार अभिमान आहे.

वाळू भट्टीत वितळवून मला घडवलं. काच बसवणाऱ्या कारागिराने मला उजेडात धरलं, बुडबुडा पाहून नाक मुरडलं आणि बाजूला ठेवून दिलं. काचघराचे मालक, म्हणजे आमच्या ताईचे वडील, हसून म्हणाले, "अहो, लावा हिलाही. छपरावर चढून कोण बघायला येतंय?" तेव्हापासून छपरात दाराजवळ, एकूण तेवीस बहिणींच्या सोबतीने मी ऊन झेलू लागले.

इतर वस्तू आपण काय काय करतो ते सांगून छाती फुगवतात. मी मिरवते ते मी काय करत नाही यावर. मी उजेड अडवत नाही. त्यात काय एवढं, असं म्हणाल. पण मित्रांनो, उन्हात जांभळ्याच्याही पलीकडचा एक रंग असतो. तुमच्या डोळ्यांना तो दिसत नाही, मधमाशीला दिसतो. आमच्या खरबुजाचं फूल तुम्हाला नुसतं पिवळं दिसतं. मधमाशीला त्याच्या पाकळ्यांची कड त्या रंगाने झळकताना दिसते आणि मधला गाभा गडद दिसतो, म्हणजे उतरायचं कुठे ते तिला बरोबर कळतं. हिरवी पानं तिला मळकट करडी वाटतात, त्यामुळे त्यांच्यात फूल उठून दिसतं. लाल रंग मात्र तिच्या गावीच नाही. ताईचा धाकटा भाऊ लाल शर्ट घालून ऐटीत फिरतो, पण मधमाशांच्या लेखी तो काळाच!

वडील गेले आणि काचघर ताईने सांभाळलं. वडिलांनी आयुष्यभर खपून तयार केलेलं खरबुजाचं वाण दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. एका वर्षी बियाण्याच्या डब्यात ओल शिरली. तिने उरलंसुरलं सगळं बी पेरलं, तर उगवले फक्त अकरा वेल. त्या हंगामात फळ धरलं नसतं, तर वडिलांचं वाण कायमचं गेलं असतं.

नेमक्या त्याच वर्षी गारा पडल्या. माझ्या तेवीस बहिणींचा चुरा झाला. मी कशी वाचले, मला ठाऊक नाही. त्या दिवशी मी फार रडले असते, पण काचेला रडता येत नाही.

धाकट्याचं छपराच्या सामानाचं दुकान होतं. तो धावत आला आणि त्याने प्लॅस्टिकचे नवे, महागडे पत्रे बसवले. "बघ ताई, यातून कडक ऊन आत येणारच नाही. वेल कसे गारेगार राहतील!" असं तो कौतुकाने म्हणाला. त्याच्या मापात घोळ झाला आणि एक पत्रा कमी पडला, म्हणून मी तेवढी जागेवर राहिले. "आठवड्याभरात हिलाही काढतो," असं सांगून तो गेला.

फुलं आली. आत ठेवलेल्या मधमाशांच्या पेटीतून माशा बाहेर पडायच्या आणि छपराला धडका देत भिरभिरायच्या. बहुतेक फुलांकडे त्या ढुंकूनही बघेनात. त्या पत्र्यांनी मधमाशांना दिसणारा तो रंगच अडवला होता, पण हे सांगणार कोण? ताईने कुंचल्याने परागकण लावायचा प्रयत्न केला. सांधेदुखीने तिची बोटं थरथरायची. धाकटा मदतीला आला, तर त्याच्या अंगठ्याने फुलंच तुटली. "तू लांबूनच मदत कर रे बाबा," ताई म्हणाली. रोज फुलं उमलत होती आणि संध्याकाळी गळत होती. ताईचं जेवणातलं लक्ष उडालं.

मग एके सकाळी धाकटा उरलेला पत्रा घेऊन छपरावर चढला. माप बघायला त्याने तो माझ्यावर ठेवला. खाली, माझ्या उजेडात उभ्या असलेल्या एकाच वेलावर माशा काम करत होत्या. थोड्याच वेळात त्या गोंधळल्या आणि फुलं सोडून उडाल्या. ताई खालीच होती. तिने ते पाहिलं.

"काढ तो पत्रा!"

"अगं, आत्ताच तर ठेवला."

"काढ म्हणते ना!"

पत्रा निघाला. हळूहळू माशा फुलांवर परतल्या.

"आता परत ठेव."

"ताई, मी काय पंखा हलवायला चढलोय का इथे?"

"ठेव रे!"

तीनदा तेच झालं. ताईने वेलाची पानं बाजूला केली. आत आवळ्याएवढी चार खरबुजं लपली होती. बाकीच्या दहा वेलांवर एकही नव्हतं. ती माझ्याकडे बघून रडू लागली. बुडबुडा पाहून मला बाजूला ठेवणारा तो कारागीर तिथे हवा होता, असं मला त्या क्षणी वाटलं.

धाकट्याने त्याच दिवशी सगळे पत्रे उतरवले. साध्या काचा मिळेपर्यंत तो रोज सकाळी छप्पर उघडायचा आणि संध्याकाळी गारठा पडायच्या आत ताडपत्रीने झाकायचा. त्याने एकदाही कुरकुर केली नाही. अकरापैकी नऊ वेलांनी फळ धरलं. बियांनी तीन बरण्या भरल्या.

मित्रांनो, नव्या वस्तू जरूर आणा. पण जुनी काढण्याआधी ती कुणाकुणाच्या उपयोगाची आहे ते नीट बघा, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांचीही दखल घ्या. आमच्यावर धूळ साचू देऊ नका.

परवाच काचघर बघायला आलेल्या एका पाहुण्याने वर बोट दाखवून विचारलं, "एवढ्या नव्या काचांमध्ये ही टवका उडालेली कशाला ठेवलीत?"

धाकटा शिडीवर चढून मला पुसत होता. हात न थांबवता तो म्हणाला, "हळू बोला. घरातली मोठी माणसं ऐकताहेत."