खोड सांगणारा माणूस

दवाखान्यातून नागूबाईला दुपारी सव्वातीनला सोडत आणि खरी शिक्षा तिथून पुढे सुरू होई. चार तास मशीनवर रक्त धुऊन घेतलेलं माणूस उभं राहायलाच तयार नसतं. अशा माणसाला बार्शीच्या स्टँडवर नेऊन बसवायचं, परंड्याची एसटी लागली की पळत जाऊन खिडकीतून पिशवी टाकून जागा धरायची, परंड्यात उतरायचं आणि सोनारीकडच्या गाडीची पुन्हा वाट बघायची. मंगळवारी एकदा, शनिवारी एकदा. तिचा मुलगा धनाजी वीज कंपनीत वायरमन होता. खांबावर चढून चढून पस्तिशीतच त्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते. पण खांब परवडला, स्टँड नको, असं त्याला होऊन जाई. आई बाकावर कलंडली की तो तिच्याकडे बघायचा नाही. गाड्यांच्या पाट्या वाचत बसायचा, आणि वाचून झालेल्या पाट्या परत वाचायचा.

म्हणून चारचाकी घ्यायचं ठरलं. यात हौस गुंजभर नव्हती. बार्शीत जुन्या गाड्यांच्या किमती ऐकून तो दोनदा हात हलवत परत आला होता, आणि मग एके दिवशी फोनवर ती पांढरी गाडी दिसली. बार्शीत जिला चार लाख सांगत होते, ती इथं पावणेतीन लाखांत. विकणारा मात्र तिकडे उत्तरेत, दोन दिवस रेल्वेनं जावं इतक्या लांब. तो धनाजीला प्रत्येक वाक्यात ‘भाईसाहब’ म्हणायचा, म्हणून घरात त्याचंच नाव भाईसाहब पडलं.

“एवढी स्वस्त कशी ओ?” धनाजीची बायको मोनिका म्हणाली. “रजा काढा आन् बघून या.”

“रजा कुठली? दवाखान्याच्या फेऱ्यातच सगळी संपली.”

“मग तिकडचाच एखादा मिस्त्री पाठवा. पैसे घिऊन गाडी तपासून देत्यात म्हणं.”

हे ऐकून म्हातारा हरिबा बाजेवर उठून बसला. धनाजीचा हा बाप. चाळीस वर्षं मेंढरं वळली, शेळ्या विकल्या, आणि परंड्यापासून कळंबपर्यंतचा एकही जनावरांचा बाजार सोडला नाही. गाडीसाठी त्यानं आपली वीस मेंढरं काढली होती, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. तसं ते आधीही होतंच.

“आधी ऐब इचार,” तो म्हणाला. “ऐब काय सांगतोय त्यावरनं माणूस कळतो.”

हरिबाच्या बाजाराचा हा कायदा होता. विकणाऱ्यानं जनावराची खोड आपल्या तोंडानं सांगायची. शेळी पान्हा चोरत असेल तर चोरते म्हणायचं, एक सड बंद असेल तर बंद म्हणायचं. ज्यानं न विचारता, किंवा विचारल्याबरोबर, खोड सांगितली त्याच्या जनावराचं तोंड उघडून दात बघायचे नाहीत. तसं करणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं. अशा माणसाला सरळ इसार द्यायचा आणि दावं हातात घ्यायचं. हरिबा या कायद्यानं कधी फसला नव्हता, कारण ज्यांच्याशी व्यवहार करायचा त्यांची तोंडं पुढच्या बाजारी पुन्हा बघायची असत.

धनाजीनं फोन लावला. त्याच्या फोनमध्ये पाणी शिरून कानाला लावायचा आवाज गेला होता, त्यामुळे त्याचं सगळं बोलणं स्पीकरवर, सगळ्या घरासमोर चाले.

“भाईसाहब, गाडी में कुछ ऐब है क्या?”

पलीकडून एक सुस्कारा. “सच बोलूँ, भाईसाहब?” आणि त्यानं सांगितलं, की मागच्या उजव्या दाराला चरा आहे, आणि टेप बंद आहे. आधी सांगितलेलं बरं, नंतर तुम्ही मला खोटा म्हणाल.

हरिबानं मांडीवर थाप मारली. “झालं! इसार धाड.”

“आबा, एकदा तपासून तर—” मोनिका बोलायला गेली.

“त्यानं तोंडानं ऐब सांगितल्यावर तपासायचं? इज्जत हाय का न्हाय आपल्याला?”

खरं म्हणजे मोनिकाचं म्हणणं धनाजीला पटत होतं. पण पटलेलं निभवायलाही अंगात जोर लागतो, आणि तो त्याच्याकडे उरला नव्हता. त्यानं आधी इसार पाठवला, आठ दिवसांनी बाकीचे पैसे.

गाडी आली, हे विशेष. ट्रेलरवरून बार्शीपर्यंत आली, धुतलेली, चकचकीत, आत अत्तराच्या तीन बाटल्या लटकवलेली. कागदही आले. दाराला चरा होता आणि टेप बंद होता, अगदी सांगितल्यासारखा. मोनिकानं चाकाखाली लिंबं ठेवली, हरिबानं बॉनेटवर भंडारा उधळला. मग आत डोकं घालून त्यानं दोनदा नाक ओढलं. गाळाचा वास आल्यासारखं वाटलं त्याला. पण मागच्या पावसाळ्यात नदीचं पाणी त्यांच्या घरात छातीएवढं चढलं होतं, आणि तेव्हापासून म्हाताऱ्याला भाकरीलासुद्धा गाळाचा वास येई. आपल्याच नाकाची खोड, असं समजून तो गप्प बसला.

पाच फेऱ्या सुखाच्या झाल्या. नागूबाई मागच्या सीटवर पाय लांब करून आडवी व्हायची आणि बार्शीची वेस ओलांडायच्या आत झोपायची, ती घर आल्यावर हाक मारली तरच उठायची. आरशात झोपलेली आई दिसली की धनाजीला वाटे, आपण जन्मात एक तरी काम धड केलं. तो खड्डे चुकवत, बैलगाडीच्या चालीनं गाडी हाकायचा.

सहाव्या फेरीला, परंड्याच्या अलीकडे, गाडी जागेवर मेली. काचा वर अडकल्या, दारं उघडेनात. बाहेर चैताचं ऊन. पुढचं दार लाथ घालून उघडेपर्यंत नागूबाईच्या तोंडाला कोरड पडली होती आणि तिच्या हाताची बोटं गार झाली होती. त्या दिवशी ती कांद्याच्या टेम्पोतून, पोत्यांना टेकून घरी आली. ती काही बोलली नाही, म्हणून धनाजीला जास्त लागलं.

परंड्याच्या उमाशंकर मिस्त्रीनं सीट काढली, खालचं कापड उचकटलं आणि धनाजीला बोलावलं. खाली वाळलेल्या गाळाचा थर होता, ताटातल्या पिठल्याला जशा भेगा पडतात तशा भेगा पडलेला. सीटचे नटबोल्ट गंजून तांबडे झाले होते.

“पुरात बुडल्याली गाडी हाय ही,” उमाशंकर म्हणाला. “वायरी आतनं कुजल्यात. एक जोडली की दुसरी जाणार. हिच्यावर पैसा घालू नका.”

आयुष्यभर वायरी जोडणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. भाईसाहबचा फोन त्यानं लावला. तो लागला नाही, आणि नंतरही कधी लागला नाही.

“मग काय करू मी?”

उमाशंकर वाईट माणूस नव्हता. त्यानं हात पुसले आणि आवाज खाली आणला. “म्हैनाभर चालंल अशी करून देतो. तुमी बी फोनवर टाका. फकस्त जवळच्याला देऊ नका. लांबचा बघा.”

धनाजीनं गाडी धुतली. फोटो काढले. बार्शीतून अत्तराच्या तीन बाटल्या आणल्या आणि त्या लटकवताना त्याचे हात जरा थबकले, एवढंच. चांगलं-वाईट तोलायलासुद्धा माणूस ताजातवाना लागतो. त्याला फक्त मंगळवार दिसत होता, आणि त्यानंतरचा शनिवार.

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर फोन वाजला. उमरग्याच्या पलीकडचा, सीमेवरच्या गावचा महांतेश म्हणून कुणी. आवाज तरणा होता. त्यानं कागदांचं विचारलं, टायरचं विचारलं. दीडशे किलोमीटर लांब, दुकान बंद ठेवून यायला जमत नाही म्हणाला. मग म्हणाला, “अण्णा, ऐब काय हाय का गाडीत?”

हरिबा बाजेवर होता. नागूबाई भिंतीला टेकून बसली होती. मोनिका भांडी घासायची थांबली.

धनाजीच्या तोंडून सुस्कारा निघाला. “खरं सांगू का, दादा?” हे शब्द त्याचे त्यालाच ओळखीचे वाटले, पण तोवर ते बाहेर पडले होते. “मागल्या उजव्या दाराला चरा हाय. आन् टेप बंद हाय.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

“लई बरं झालं बघा अण्णा, तुमी सोताच्या तोंडानं सांगितलं,” पलीकडचा आवाज मोकळा झाला. “आमचे आप्पा म्हणत्यात, ऐब सांगणाऱ्याचं जनावर डोळं झाकून घ्यावं. इसार धाडतो लगीच.”

हरिबानं मान खाली घातली. मग त्यानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

“आन् पाणी?” नागूबाई म्हणाली.

तिचा आवाज तसा पार बसला होता, पण त्या दुपारी तो फोनपर्यंत पोचला.

“पाणी कसलं, अण्णा? कोण बोलतंय?”

“म्या बोलतीया, ह्याची आई. लेकरा, गाडी पुरात बुडल्याली हाय. घिऊ नगंस.”

पलीकडून फोन बंद झाल्याचा आवाज आला.

धनाजी उठला, तो एकदम ओरडलाच. “आई, कुणासाठी करतोय म्या हे? माज्यासाठी? त्या स्टँडवर कोण मरतंय, तू का म्या?” आणि आपण काय बोललो हे कळून तो तिथंच उंबऱ्यावर बसला.

नागूबाईला राग आला नाही. रागाला लागणारी ताकद ती शनिवारीच मशीनला देऊन आली होती.

“माज्यासाठी करतोस ते ठाव हाय मला,” ती म्हणाली. “म्हणून तर म्या बोलले. गाडीत मला झोप लागायची, धना. त्या पोराच्या पैशानं आणल्याल्या गाडीत लागायची न्हाय.”

मोनिकानं पुन्हा भांडी घासायला घेतली. जरा वेळानं धनाजीनं फोन उचलला आणि जाहिरातीत शेवटी आणखी एक ओळ लिहिली, की गाडी पुरात बुडालेली आहे. त्या गाडीसाठी त्यानंतर एकही फोन आला नाही.

“मंगळवारी सकाळी सातची यष्टी हाय न्हवं?” हरिबानं विचारलं.

“व्हय.”

“म्या बी येतो.”

“तुमी कशाला आबा?”

“पिशवी टाकाय.”

मंगळवारी दुपारी चारला बार्शीच्या स्टँडवर धनाजी आईला धरून बसला होता. परंड्याची गाडी वळली, तसा हरिबा धोतर सावरत तिच्यामागं पळाला. एकदा अडखळला, पण पडला नाही. त्यानं टाच उंचावून खिडकीतून पिशवी आत टाकली आणि तिथंच खिडकीची दांडी धरून, धापा टाकत उभा राहिला. धनाजीनं त्या दिवशी पाट्या वाचल्या नाहीत. त्यानं आईच्या काखेत हात घातला आणि म्हणाला, “चल, जागा मिळाली.”